कमी आवाजाची चिमणी

१

दुकानाच्या एका भिंतीवर सतरा चिमण्या ओळीने टांगलेल्या होत्या. सतराच्या सतरा चालू करून दाखवायला लावणारं गिऱ्हाईक त्या विक्रेतीला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

"मॅडम, हिचा आवाज अठ्ठेचाळीस डेसिबल," विक्रेती म्हणाली. "म्हणजे दोन माणसं हळू आवाजात बोलतात ना, तेवढाच."

"कोणती दोन माणसं?" तिने विचारलं.

नवऱ्याने छताकडे बघितलं. अकरा महिन्यांची ठमी त्याच्या कडेवर बसून त्याचा चष्मा चाखत होती.

"तसं नाही हो," ती ओशाळून म्हणाली. "आमच्याकडे हळू आवाजात बोलणारी माणसंच नाहीत, म्हणून विचारलं."

खरं तर डेसिबलवर तिचा विश्वासच नव्हता. डेसिबल कंपनीच्या बंद खोलीत मोजतात, तिला तिचं स्वयंपाकघर मोजायचं होतं. त्यासाठी तिची स्वतःची एक पद्धत होती आणि ती पद्धत चारचौघांत वापरायची तिला लाज वाटत होती. शेवटी तिने लाज गिळली, पर्समधून फोन काढला, चालू चिमणीच्या बरोबर खाली काउंटरवर ठेवला आणि आईचा एक ऑडिओ मेसेज लावला.

"हं… ऐक. कांदा परतायला घेतलास की गॅस बारीक ठेव. तुला घाई झालेली कांद्याला बरोबर कळते. आणि मीठ लगेच टाकू नकोस, पाणी सुटतं. कळलं का, वेडे?"

बावीस सेकंद. पहिल्या चिमणीखाली नुसती कुजबुज ऐकू आली. दुसरीखाली "कांदा" आणि "वेडे" एवढंच. अशा करत करत ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली, तोपर्यंत दुकानातल्या सगळ्यांना कांदा कसा परतायचा ते पाठ झालं होतं. विक्रेती हसू दाबत होती. नवरा हसत नव्हता. हे मेसेज तो रोज ऐकत होता, आणि ज्या बाईने ते पाठवले तिला आठ महिन्यांपूर्वी खांदा देणाऱ्यांत तोही होता.

चौदाव्या चिमणीखाली शब्द न् शब्द ऐकू आला. सुरुवातीचा तो "हं"सुद्धा, घशातून येऊन नाकात वळणारा. आई काहीही सांगायच्या आधी तो "हं" करायची, जसा माणूस उंबरठ्यावर पाय पुसतो.

"चालू आहे ना ही?" तिने विचारलं.

विक्रेतीने एक कागदी रुमाल जाळीखाली धरला. रुमाल हातातून सुटला आणि वर जाऊन चिकटला.

"हीच," ती म्हणाली.

२

आधीच्या चिमणीचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा होता. घर विकत घेतलं तेव्हा ती भिंतीवर होतीच, आणि 'चालतेय ना, मग राहू दे' या तत्त्वावर राहिली होती. ती चालू असली की स्वयंपाकघरात उभ्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नसे, फोन ऐकू येत नसे.

मागच्या खोलीतून मारलेली हाकही ऐकू येत नसे. निदान ऐकू आली नसावी, असं तिला वाटत होतं. नक्की कोण सांगणार?

बाळंतपणाला आलेली आई त्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत होती. तीन महिन्यांची ठमी तिच्या कुशीत, आणि ही स्वयंपाकघरात. चिमणी घरघरत होती. पंचवीस मिनिटांनी ती हात पुसत खोलीत गेली तेव्हा ठमी जागी होती. आजीचं बोट मुठीत धरून छताकडे बघत होती. आई मात्र गेली होती.

"हृदय बंद पडलं. क्षणात झालं असणार," डॉक्टर म्हणाले होते. "हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल."

चांगला माणूस होता. पण त्याच्या सांगण्यातला अंदाज तिला तेव्हाच ऐकू आला होता. त्या खोलीत काय झालं हे माहीत असलेलं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि त्याला अजून बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती: पुन्हा या घरात कुणी हाक मारली, तर ती ऐकू आली पाहिजे. ठमीची तर आलीच पाहिजे.

चिमणी बसवायला आलेला फिटर पिकल्या मिशांचा, गप्पिष्ट माणूस होता. काम करताना तो सतत शीळ घालत होता. गाणं असं नाही, नुसतीच हवा वळवल्यासारखी शीळ. जुनी चिमणी उतरवून त्याने भिंतीतल्या भोकात बॅटरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"हिचा बिचारीचा काही दोष नाही, ताई. चार इंची पाइप, आणि त्याला दोन वाकणं. तिचा गळा आवळलेला होता. ओरडेल नाहीतर काय करेल?"

त्याने भोक मोठं केलं, सहा इंची पाइप घेतला आणि एकही वाकण न देता सरळ मागच्या डक्टमध्ये काढला. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली खोल, उघडी पोकळी, सगळ्या मजल्यांचे नळ जिच्यातून खाली उतरतात. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला त्याने पत्र्याची एक पातळ झडप बसवली.

"चालू केली की ही उघडते, बंद केली की मिटते. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खिडकी आहे ना, तिथून हात घातला की लागेल तुम्हाला. कधी शंका आली तर बघायचं, हाताला हवा लागते का."

मग त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही, असं वाटलं. तिने शेगडीवर वाकून वर बघितलं तेव्हा कपाळावरचे केस अलगद उभे राहिले.

"बघा! आहे का आवाज?" फिटर कौतुकाने म्हणाला. जाळीखाली तोंड नेऊन त्याने शीळ घालायला ओठांचा चंबू केला. ओठ हलले, गालांत खळगे पडले. आवाज आला नाही. त्याने ओठ चाटले आणि पुन्हा प्रयत्न केला.

"वय झालं, ताई," तो हसत म्हणाला. "दात पडले की शीळ पळते."

हत्यारं पिशवीत भरताना, जाताना, जिना उतरतानाही तो गप्पच होता. हे तिच्या लक्षात मात्र फार नंतर आलं.

३

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. 'सुख' हा शब्द ती आजकाल जपूनच वापरायची, पण दुसरा सापडेना. भाजी फोडणीला टाकावी आणि हॉलमध्ये ठमीने खुळखुळा आपटलेला ऐकू यावा! वाफ वर जात होती, वास वर जात होता, आणि घर जागच्या जागी ऐकू येत होतं.

फोनसाठी तिने नवी जागा ठरवली. चिमणीच्या खाली, शेगडीच्या मागच्या कट्ट्यावर, टाइलला टेकवून. तिथे आवाज पत्र्यावर आपटून छान भरून यायचा, आई समोरच उभी असल्यासारखा. आईला टाइप करायचा कंटाळा. हिच्या गरोदरपणात, हिचं जेवणावरून मन उडालं तेव्हा, आईने एकूण अडतीस मेसेज बोलून पाठवले होते. भात चिकट झाला तर. दूध नासलं तर. पालेभाजी कडू लागली तर. नवरा उपाशी आणि तू थकलेली असलीस तर (याचं उत्तर: "त्याला उठव."). आता भात चिकट होत नव्हता, पण ती तरी लावायची. एक संपला की दुसरा.

"पाककृती पाठ झाल्या असतील ना आता, काळजीबाई?" एकदा नवऱ्याने दारातून विचारलं. काळजीबाई हे तिचं लग्नानंतरचं नाव.

"मी पाककृती ऐकत नाही."

"माहितीये," तो म्हणाला, आणि ताटं घ्यायला वळला.

सोळाव्या दिवशी, कांद्याचाच मेसेज. तिने बटण दाबलं, कांदा तव्यात सारला आणि सवयीने त्या "हं"ची वाट बघितली.

"…ऐक. कांदा परतायला घेतलास की—"

तिने मेसेज थांबवला. पुन्हा लावला. सुरुवातीला दोन सेकंद काहीच नाही. मग "ऐक".

आवाज कापलेला वाटत नव्हता. खरखर नाही, झटका नाही. जणू आई आली होती, पण उंबरठ्यावर पाय पुसायला थांबली नव्हती.

कांदा करपला. घाई झालेली नव्हती, तरी.

४

बुद्धी शाबूत असलेल्या माणसाने करायच्या सगळ्या गोष्टी तिने केल्या. फोनच्या जाळीत तेल गेलं असणार, म्हणून मऊ ब्रशने साफ केली. इअरफोन लावून ऐकलं. बाथरूममध्ये दार लावून ऐकलं. फोन बंद करून चालू केला, कारण ही एक गोष्ट केल्याशिवाय कोणी कशावर विश्वास ठेवत नाही. मेसेज बावीस सेकंदांचाच होता. "हं" नव्हता.

"होता का पण?" नवऱ्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. शेजारी पलंगावर बसून, एक इअरफोन आपल्या कानात घालून त्याने तीनदा ऐकलं होतं. "आईंची सवय होती ती, मान्य. पण प्रत्येक वेळी करायच्या? कधी कधी आपणच मनात भरतो गं."

"दुकानात होता. चौदाव्या चिमणीखाली."

"तू दुकानात फार… थकलेली होतीस."

तो 'थकलेली' म्हणाला. त्याआधी त्याने दुसरा एक शब्द निवडून बाजूला ठेवला होता, हे तिला दिसलं. रागवावं असं काही नव्हतं. तिनेही तो शब्द स्वतःसाठी अनेकदा निवडून बाजूला ठेवलाच होता.

पुढच्या आठवड्यात "कळलं का, वेडे?" मधलं "वेडे" गेलं. मग भाताच्या मेसेजमधलं हसू. मग दुधाच्या मेसेजमध्ये मागे वाजणारं आईच्या घरचं भांडं. शब्द शेवटी जात होते. आधी जायचं ते सगळं शब्दांच्या आसपासचं: श्वास, घसा, एक शब्द सोडून दुसऱ्याकडे वळतानाची ती छोटीशी अडखळ. उरायची ती सूचना. गॅस बारीक ठेव. मीठ टाकू नकोस. कोणत्याही बाईने कोणत्याही बाईला सांगावं तशी.

तिने मावशीला फोन लावला. "आईचे मेसेज आहेत का गं तुझ्याकडे? बोललेले?"

"मी ऐकते आणि पुसून टाकते बाई, फोन भरतो म्हणून," मावशी म्हणाली, आणि मग तिलाच काहीतरी उमगून तिचा आवाज भरून आला. "मला कुठे माहीत होतं गं…"

त्या संध्याकाळी तिने वहीत यादी केली. सत्तावीस मेसेज तिने नव्या चिमणीखाली लावले होते. सत्तावीसांतून काही ना काही गेलं होतं. अकरा लावायचे राहिले होते. ते शाबूत असतील का, हे बघायला ते लावावे लागले असते. तिने लावले नाहीत. फोन कपाटात, स्वेटरच्या घडीत ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. मग कुलूप लावणाऱ्या बाईकडे आरशात बघून म्हणाली, "शाबास."

५

ठमी हसायची तेव्हा हसण्याच्या शेवटी एक बारीक किंकाळी यायची. हसू जिना चढत जाऊन शेवटच्या पायरीवरून उडी मारतं तशी. बाबा तिला उंच उडवायचा ते त्या किंकाळीसाठीच.

ती कधी थांबली, ते नेमकं कोणाला सांगता येईना.

"अगं, मोठी होतेय ती," नवरा म्हणाला. "मुलं रोज काहीतरी टाकतात, रोज काहीतरी उचलतात. आता बोलायला लागेल बघ. 'बाबा' म्हणणार आधी."

"माझ्या पोटातून येऊन?"

"राजकारण असतं."

ती हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती ठमीकडे बघत राहिली. ठमीची उंच खुर्ची स्वयंपाकघरात असायची, शेगडीपासून लांब, दाराजवळ. ठमी तिथे बसून 'द-द-द' करायची आणि चमचा आपटायची. चिमणी चालू असली की 'द-द-द' जरा पुसट वाटायचं, ओल्या फडक्यातून आल्यासारखं. चिमणी बंद केली की स्पष्ट. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा किंचित कमी स्पष्ट. की आपणच मनात भरतोय?

त्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती पालेभाजी निवडत होती. शेगडीवर पाणी उकळत होतं. घरात छान शांतता होती. फारच छान, असं वाटून तिने मागे वळून बघितलं.

ठमी रडत होती. हनुवटी खुर्चीच्या कडेवर आपटून ओठातून रक्त आलं होतं. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, गालांवरून पाणी, आणि हात आईकडे पसरलेले. आवाज नव्हता. छाती वरखाली होत होती, गळ्याची शीर तटतटली होती, आणि स्वयंपाकघरात फक्त उकळत्या पाण्याची बुडबुड ऐकू येत होती.

तिने ठमीला उचललं आणि धावत दाराबाहेर नेलं. हॉलच्या मध्यावर गेल्यावर रडणं एकदम कानावर आदळलं, दार उघडल्यासारखं.

किती वेळ रडत असेल? दोन मिनिटं? पाच?

"काही मुलं रडताना श्वास धरतात," बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "फुंकर घाला, पाठ चोळा. घाबरू नका."

तिने मान डोलावली. ठमीने श्वास धरला नव्हता. ती तिच्यासमोर श्वास घेत होती, सोडत होती, आणि सोडलेला श्वास कुठेतरी जात होता.

६

"ओढ जास्त आहे का हो हिची?" तिने फिटरला फोनवर विचारलं. तिला दुसरा कोणता प्रश्न शहाण्या माणसाचा वाटला असता, ते सुचेना.

"जास्त नाही ओढत, ताई. झडप अडकली असेल तर हवा फिरत राहते. एक करा. चिमणी चालू ठेवा आणि जिन्याच्या टप्प्यावर जाऊन बघा. हाताला हवा लागते का." फोनवर त्याचा नुसता श्वास ऐकू आला. "आणि ताई… त्या दिवसापासून माझी शीळ काही येत नाही. तुमच्याकडे विसरली का बघा." तो हसला, पण हसणं पुरं झालं नाही.

तिने गॅस बंद आहे ना ते दोनदा बघितलं. ठमीला हॉलमधल्या जाळीच्या कुंपणात बसवलं, स्वयंपाकघरापासून चांगली लांब. खेळणी दिली. चिमणी चालू केली. दार सताड उघडं ठेवलं, त्याला चप्पल अडकवली. टप्प्यापर्यंत बारा पायऱ्या होत्या. बारा पायऱ्या उतरायच्या, हात घालायचा, बारा पायऱ्या चढायच्या.

खिडकीच्या काचेच्या पट्ट्या धुळीने माखल्या होत्या. मधल्या दोन सरकवून तिने डक्टमध्ये बघितलं. वरून राखाडी उजेड उतरत होता. नळांवर शेवाळ. आणि हाताच्या अंतरावर तिच्या पाइपाचं गोल तोंड. झडप उघडी होती, थरथरत होती. हवा व्यवस्थित येत होती, कोमट. तिने तळहात पुढे धरला.

तेव्हा तिला शीळ ऐकू आली. हवा वळवल्यासारखी, गाणं नसलेली. मग एक बारीक किंकाळी, शेवटच्या पायरीवरून उडी मारणारी. मग भांडं पडल्याचा आवाज, हसू, आणि एकामागून एक, थव्याने पाखरं उडावीत तसे: हं. हं. हं. वेडे. हं.

पत्र्यावर हवा घासते, ती स्वतःला म्हणाली. माणसाचं मन आवाजात आवाज शोधतं. ती हे म्हणत असताना तिचं कपाळ खिडकीच्या गजावर टेकलं होतं आणि डोळे आपोआप मिटले होते.

आवाज विरळ झाले. मग एक आला तो अडतीस मेसेजमधला नव्हता. अडतीसही तिला पाठ होते.

"अगं… येतेस का जरा?"

घाबरलेला नव्हता. अगदी साधा, आडव्या पडलेल्या माणसाचा.

मागे एक बाळ 'ऊं' करत होतं. तीन महिन्यांचं बाळ करतं तसं.

"येतेस का गं?"

तिच्या हाताला कोमट हवा लागत होती. तो दिवस तर जुन्या चिमणीचा होता, तिच्या मनात आलं. मग वाटलं, पण भोक तेच. डक्ट तोच.

आणि मग, बऱ्याच वेळाने, बाळाशी बोलल्यासारखं, जवळून:

"असू दे. आहे ती कामात. हो की नाही गं, ठमे?"

त्यानंतर श्वास. एक सावकाश बाहेर सोडलेला, आणि एक आत घेतलेला. काहीतरी सांगायच्या आधी घेतात तसा. तिने डोळे उघडले. राखाडी उजेडात झडप हलत होती. वरची कड स्थिर, खालची कड हलत होती, बोलताना ओठ हलावेत तशी.

"हं…" पाइपातून आलं. "ऐक—"

आणि त्याच क्षणी, त्याच तोंडातून, त्या शब्दाच्या मागून रेटून, रडणं बाहेर पडलं. वर्षभराच्या बाळाचं रडणं. आत्ताचं.

तिने वर बघितलं. बारा पायऱ्यांवर दार सताड उघडं होतं, चप्पल जागेवर होती. दारातून काहीही ऐकू येत नव्हतं.

पाइपात आईचा आवाज अजून होता. रडण्याच्या खाली, सलग, सांगत होता. आणखी थोडं वाकलं असतं, कान थोडा आत नेला असता, तर शब्द लागले असते.

ती वळली आणि पायऱ्या चढू लागली. आठव्या पायरीवर तिला कळलं की आईची हाक मागे टाकणं, हे आपण दुसऱ्यांदा करतोय.

हॉलमध्ये ठमी कुंपणाची जाळी धरून उभी होती. पहिल्यांदाच, कोणाच्या आधाराशिवाय. तोंड उघडं, चेहरा भिजलेला, आणि घर शांत. ती ठमीच्या जवळून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बटण दाबलं.

भिंतीच्या आत, पलीकडे, झडप मिटली. टक्.

मग रडणं आलं. पूर्ण, घर भरून, शेजारच्यांनी दार उघडावं इतकं. ती जमिनीवर बसली, ठमीला छातीशी धरलं, आणि म्हणत राहिली, "आले, आले, आले."

७

"दोष काय सांगू कंपनीला?" चिमणी उतरवायला आलेल्या फिटरने विचारलं.

"आवाज," ती म्हणाली.

"हिला? आवाज?" त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खांदे उडवले. पण ठमीला त्याने दुसऱ्या कडेवर घेतलं, भिंतीपासून लांबच्या. ती टप्प्यावर गेली होती त्या दिवशी संध्याकाळी तोही एकटाच खाली जाऊन आला होता. काय ऐकलं, ते त्याने सांगितलं नाही. चिमणी बंद होती, काही नसणारच, एवढंच म्हणाला. मात्र परत आल्यावर त्याने स्वतःहून फिटरला फोन लावला होता.

आता त्यांच्याकडे खिडकीतला साधा पंखा होता. खडखडायचा. स्वयंपाक करताना ती दर दोन मिनिटांनी तो बंद करून कान द्यायची, मग चालू करायची. भाज्या करपायच्या. ठमी 'बाबा' म्हणायला लागली होती, अगदी स्पष्ट, आणि राजकारण जिंकल्याचा आनंद तो बिचारा लपवू शकत नव्हता. हसायचीही भरपूर. शेवटची पायरी मात्र नव्हती. हसू वर चढायचं आणि तिथेच थांबायचं. "मोठी होतेय," तो अजूनही म्हणायचा, पण तिला उंच उडवून झाल्यावर क्षणभर तिचं तोंड बघत राहायचा.

फोन कपाटातच होता. अकरा मेसेज.

फिटरने पाइप ओढून काढला. भिंतीत सहा इंची काळं भोक उरलं. त्याने घमेल्यात सिमेंट कालवलं, विटांचे तुकडे जमवले आणि मग हात थांबवून तिच्याकडे बघितलं.

"बुजवू ना, ताई?"

ती पुढे गेली. ओट्यावर एक गुडघा टेकवून तिने तोंड भोकाशी नेलं. आतून ओलसर, थंड वास आला. शांत होतं. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता.

"आले गं, आई," ती म्हणाली. "आलेच."

जीभ हलली, ओठ मिटले, उघडले. घशाला शब्द जाणवले. कानांना जाणवले नाहीत.

ती खाली उतरली. फिटर हातभर अंतरावर थापी घेऊन उभा होता.

"काही म्हणालात का, ताई?"

तिने ठमीला नवऱ्याकडून घेतलं, तिचं डोकं आपल्या मानेशी दाबून धरलं.

"नाही," ती म्हणाली. "बुजवा."